शुहूर सनातला ‘सीत’ आणि अरबी ‘सादिस’ : मधला ‘द’ कुठून आला?

मोडीवाचक, पेडणे
आमच्या भाटाच्या जुन्या मोडी कागदावर साल आहे ‘सीत सितैन मया व अलफ’. सहा, साठ, शंभर नि हजार, म्हणजे शुहूर सन ११६६ (मराठेशाहीच्या कागदांतली, अरबी अंकशब्दांत लिहायची कालगणना). ५९९ मिळवले की इसवी १७६५. इथवर जमलं. पण अरबीत सहा ‘सित्त’ आणि सहावा ‘सादिस’! हिब्रूत तर ‘शेश’. यातलं मूळ रूप कोणतं, हे ठरवतात तरी कसं?

रुमाल, डिचोली
साल मृगापासून धरायचं. महिना जानेवारी ते मृग यांमधला निघाला तर ६०० मिळवा, १७६६ येईल. मूळ रूपाचं मास्तर सांगतील.

निवृत्त मास्तर, फोंडा
फार चांगला प्रश्न. ‘द’ मागाहून शिरलेला नाही, तो मूळचाच. अरबी, हिब्रू ज्या कुळातल्या त्या सेमिटिक भाषांचं प्राचीन रूप साधारण ‘शिद्‌थ’ धरतात. हा ‘थ’ जीभ दातांत धरून काढायचा. अरबीत ‘द’ शेजारच्या व्यंजनात मिसळून ‘त्त’ झाला, आपल्याकडे सप्तचं सत्त झालं तसा. ‘सादिस’मध्ये मात्र दोघांच्या मध्ये स्वर आहे. ती व्यंजनं एकमेकांना भिडलीच नाहीत, म्हणून ‘द’ वाचला. सहावा हिस्सा ‘सुदुस’, तिथेही तो शाबूत. म्हणून मी म्हणतो, नुसती एक ते दहाची यादी घेऊन बसू नका. आधी क्रमवाचक आणि अपूर्णांक तपासा, जुना माल तिथे सापडतो.

शिवाय येमेनच्या जुन्या साबाई शिलालेखांत आणि इथिओपियाच्या जुन्या गीझ भाषेतही हा ‘द’ आहे. इतक्या भाषांनी तो आपापला घातला असेल, हे पटत नाही. हिब्रूत ‘द’ गेला आणि ‘थ’चा ‘श’ झाला.

मोडीवाचक, पेडणे
मास्तर, देव बरें करूं. पण या कुळात अक्कादी, म्हणजे प्राचीन इराकची भाषा, सगळ्यांत जुनी ना? तिच्यात बघून निकाल लागत नाही?

निवृत्त मास्तर, फोंडा
तिथेच तर अडतं. अक्कादी लेखनिक मातीच्या विटेवर बहुतेक वेळा आकड्यांच्या खुणाच उमटवत. शब्द अक्षरी क्वचित लिहीत. वय मोठं, पण साक्ष तोकडी. सीरियात रास शाम्रा इथे १९२९ पासून युगारिटिक या दुसऱ्या जुन्या सेमिटिक भाषेतल्या विटा निघाल्या. त्यांत संख्या पुष्कळदा अक्षरी आहेत, पण स्वर लिहिलेले नाहीत. सहा तिथे नुसता ‘थ-थ’, कारण पहिलं व्यंजनही पुढच्या ‘थ’सारखं झालं.

‘तीन’चंही तेच. अरबी ‘थलाथ’ पाहून दोन्ही ‘थ’ मूळचे वाटतात, पण जुन्या साबाईत पहिलं व्यंजन वेगळं आहे, गीझमध्येही. मूळ तेच, अरबीने ते शेवटच्या ‘थ’च्या ओढीने बदललं.