परदेशात आल्यापासून पगार पुरतच नाहीये, नक्की कुठे कापायचं?

नवीनच_आलोय

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी बायको आणि लहान मुलीला घेऊन परदेशात आलोय, अजून वर्ष व्हायचंय. ऑफर लेटर आलं तेव्हा पगाराचा आकडा घरच्या चलनात गुणून बघितला आणि दोघंही जाम खूश, आता इथे महिन्याची वीस तारीख आली की खात्यात काही म्हणजे काही उरत नाही. हातात येणाऱ्या पगारातले जवळपास ४५ टक्के निव्वळ घरभाड्यात जातात, वीज आणि हीटिंगचं बिल वेगळं. बायकोला डिपेंडंट व्हिसावर अजून काम करायची परवानगी नाही. आईवडिलांना दर महिन्याला पैसे पाठवायचे असतात, ते बंद करायचा प्रश्नच नाही, आणि त्यांना इथली परिस्थिती सांगायची तर जीभ रेटत नाही कारण त्यांच्या लेखी मुलगा परदेशात आहे म्हणजे बक्कळ कमावतोय.

दुकानात गेलो की प्रत्येक किंमत मनात गुणतो आणि हातात घेतलेली वस्तू परत ठेवतो, बायको म्हणते तुझ्याबरोबर खरेदीला येणारच नाही. बाहेर खाणं बंद केलं, बाहेरची कॉफी बंद केली, दोन सबस्क्रिप्शन काढून टाकली, तरी महिनाअखेर तीच. थोडे खर्च क्रेडिट कार्डावर ढकललेत. आता विचार असा आहे की शहरापासून लांब स्वस्त घर बघावं. जे यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा.

हिशोबी_माणूस

आधी आत्तापर्यंतचा सगळा खर्च दोन भागांत मांडा, एकदाच होणारा आणि दर महिन्याला होणारा. डिपॉझिट, एजंटचे पैसे, बेड-फ्रिज-भांडीकुंडी, लायसन्स, कागदपत्रांची भाषांतरं, नोटरी, हे सगळं पहिल्या भागात. सुरुवातीचे महिने यातच जातात आणि माणूस धरून चालतो की इथलं जगणंच एवढं महाग आहे. डिपॉझिट तर खर्चच नाही, परत मिळायचंय ते, पण त्यासाठी घराचे फोटो आजच काढून ठेवा, भिंतीवरचे डाग, तुटलेली कडी, गळका नळ सगळं, आणि घरमालकाला ईमेल करून टाका म्हणजे तारीख राहते. घर सोडताना भांडणं होतात ती याच गोष्टींवरून.

आता दुसरा भाग. ४५ टक्के भाडं हा खरा आजार. युरोपियन युनियनचं आकडेवारी खातं युरोस्टॅट, घराचा खर्च हातातल्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर गेला की ते कुटुंब घरखर्चाने दबलेलं धरतं. अमेरिकेत ही रेघ ३० टक्क्यांवर आहे, मात्र तिथे टॅक्स कापायच्या आधीचं उत्पन्न धरतात. तुमचं वीज-हीटिंग धरून ५० च्या आसपास जात असणार, म्हणजे कुठल्याही मापाने वर. बादलीला बुडाला भोक आहे आणि तुम्ही वरून सांडणारे थेंब पुसताय. कॉफी परत सुरू करा हवी तर, तेवढ्याने काही बिघडत नाही.

चष्मिष

गुणाकार बंद करा आधी. मजेत नाही म्हणत, त्याने निर्णय चुकतात.

बाजारातला विनिमय दर हा चलनं विकण्या-घेण्याचा दर आहे, त्या पैशात तिथे काय येतं हे तो सांगत नाही. ते सांगायला क्रयशक्तीचा हिशोब वेगळा करावा लागतो, गुस्ताव कासेल नावाच्या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वी त्याला नाव दिलं, आणि 'द इकॉनॉमिस्ट' १९८६ पासून एकाच बर्गरची देशोदेशीची किंमत लावून तोच मुद्दा गंमतीत मांडतं. ऑफर लेटरचा आकडा तुम्ही बाजाराच्या दराने गुणलात तेव्हा खूप मोठा दिसला, आता दुकानातली किंमत त्याच दराने गुणता तेव्हा ती पण राक्षसासारखी दिसते. दोन्ही तेवढंच खोटं.

याच्या पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. सगळंच सारखं महाग नसतं. फोन, लॅपटॉप, मिक्सर असल्या कारखान्यात बनून जहाजाने फिरणाऱ्या वस्तू जगभर साधारण जवळजवळच्या किमतीला असतात, कधी कधी तिथे स्वस्तही मिळतात. महाग असतं ते माणसाच्या हाताचं काम. केस कापणं, नळ दुरुस्ती, पाळणाघर, घरकाम, हॉटेलात कोणीतरी आणून वाढणं. बालासा आणि सॅम्युअलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये वेगवेगळ्या लेखांत याचं कारण मांडलं होतं. ज्या देशात कारखाने आणि तंत्रज्ञानातली माणसं खूप उत्पादन करतात तिथे त्यांचे पगार वाढतात, आणि मग न्हाव्यालाही तेवढ्याच्या जवळपास पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो ते काम सोडून दुसरीकडे जाईल, जरी दिवसाला डोकी तेवढीच कापत असला तरी. न्हावी आयात करता येत नाही ना.

त्यामुळे दुकानात शेल्फसमोर उभं राहून वेळ घालवू नका, बिलात माणसाचा वेळ कुठे कुठे विकत घेताय ते बघा. ट्रिमर घ्या, फर्निचर स्वतः जोडा, सायकलचं पंक्चर काढायला शिका, घरपोच डिलिव्हरी बंद करा. मला स्वतःला यातली निम्मी कामं आवडायला लागलीत, ते सोडा.

गुणाकार दोनच ठिकाणी बरोबर, घरी पाठवताना आणि शिल्लक मोजताना. बाकी वेळी किंमत तिथल्या पगाराच्या तासांत मोजा, ही वस्तू माझ्या किती मिनिटांच्या कामाची आहे. असं बघितलं की धान्य, दूध-भाजी बऱ्याचदा इतकी भयंकर वाटत नाही आणि टॅक्सी मात्र वाटते.

मावशी_इकडे

आईवडिलांना सांगून टाक रे बाबा. मी पण त्यांच्याच वयाची आहे म्हणून सांगते, मुलगा ओढाताण करून पैसे पाठवतोय हे मागाहून कळलं की जास्त लागतं मनाला. पाठवणं बंद करू नकोस, रक्कम ठरवून घे आणि त्यांना सांग की वर्षभर एवढेच येतील.

आणि पाठवतोस कसे? बँकेतून थेट पाठवत असशील तर एकदा नीट बघ. "शून्य फी" लिहिलेलं असतं आणि दरातच मार्जिन कापलेलं असतं. त्या क्षणाचा बाजारातला मधला दर (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा) बघायचा आणि शेवटी घरी किती जमा झाले ते बघायचं, फरक म्हणजे खरी फी. बँक ते बँक जाताना मधली बँक पण आपला हात मारते कधी कधी. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं लिहिलंय, आणि वर्ल्ड बँक मोजते त्यात जगाची सरासरी अजून ६ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे बघ किती जण नकळत भरतायत. फी ठरावीक असेल तर दर महिन्याऐवजी दोन महिन्यांचे एकदम पाठव. दर वाढेल म्हणून वाट बघत बसायचं मात्र नाही, तो जुगार झाला.

उपनगरवाली

लांबच्या घराबद्दल लिहिते कारण आम्ही तसंच घर घेतलं होतं आणि नंतर जवळ आलो. भाडं कमी होतं यात वाद नाही. पण कागदावर भाड्याच्या शेजारी पास, आठवड्यातून एकदा चुकलेल्या शेवटच्या ट्रेनची टॅक्सी, आणि तिथे बसच नसेल तर गाडी, तिचा विमा, पार्किंग, सर्व्हिसिंग एवढं सगळं लिहा. एक गाडी घ्यावी लागली की भाड्यातली बचत बहुतेक वेळा तिथेच संपते. आणि मुलगी पाळणाघरात असेल तर तिला घ्यायला उशीर झाला की बऱ्याच ठिकाणी दंड लावतात, लांब राहून तो बसणारच. माझं मत, लांबचं मोठं घर घेण्यापेक्षा जवळचं लहान घर घ्या. मुलगी लहान आहे तोवर एक खोली कमी चालते.

बायकोबद्दल कोणीच बोललं नाही वाटतं. व्हिसावर परवानगी नाही म्हणजे नाही, रोखीने छोटं काम करा म्हणणारे भेटतील, अजिबात ऐकू नका, सगळ्यांचाच व्हिसा अडचणीत येतो. पण परवानगी मिळेपर्यंतचा वेळ फुकट नाही. डिग्री मान्य करून घ्यायची प्रोसेस महिनोन्महिने चालते, मूळ विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवावी लागतात, ती आत्ताच सुरू करा. भाषा वेगळी असेल तर लायब्ररीत, नगरपालिकेत फुकट नाहीतर नाममात्र फीमध्ये वर्ग असतात. माझं याच काळात घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती म्हणून आवर्जून लिहिते, एका पगारावर घर चालतंय हे ओझं दोघांनाही असतं आणि घरात बसलेल्याला खर्च करताना चोरी केल्यासारखं वाटतं. दोघांच्या हातात हिशोब न मागता खर्चायला थोडी सारखी रक्कम ठेवा. आणि दुकानातला गुणाकार तिच्यासमोर तर नकोच.

टॅक्सवाला_नाही_पण

दोन गोष्टी राहिल्या.

एक, क्रेडिट कार्ड. नवीन देशात तुमचा जुना क्रेडिट इतिहास सहसा येत नाही, शून्यातून सुरुवात, त्यामुळे मिळणारं कार्ड पण बऱ्याचदा जास्त व्याजाचं असतं. मिनिमम ड्यू भरत राहिलात तर व्याजावर व्याज चढतं आणि मुद्दल हलत नाही. बाकी सगळी बचत बाजूला ठेवून आधी ते फेडा, कारण एवढं व्याज वाचवण्याइतका परतावा कुठलीच बचत देत नाही. पगाराच्या दिवशीच ऑटो पेमेंट लावा. हप्त्यावर सोफा वगैरे तर नकोच, जुन्या वस्तूंच्या साइटवर देश सोडून जाणारे लोक रोज सामान स्वस्तात विकायला काढत असतात.

दोन, पगाराची स्लिप. टॅक्स कुठल्या गटात कापतायत बघितलं का? बायको कमवत नाही आणि मूल आहे याची सवलत बऱ्याच देशांत असते पण ती आपोआप लागत नाही, फॉर्म भरावा लागतो, आणि नवीन माणसाला एचआर सिंगल धरून मोकळं होतं. शिवाय वर्षाच्या मध्ये रुजू झाला असाल तर कित्येक ठिकाणी दर महिन्याचा टॅक्स पूर्ण वर्षभर तेवढाच पगार मिळेल असं धरून कापतात, म्हणजे जास्त कापला जातो आणि रिटर्न भरलं की परत मिळतो. रिटर्न भरणं सक्तीचं नसलं तरी भरा. मुलांचा भत्ता काही देशांत परदेशी कामगारांनाही मिळतो, व्हिसाच्या प्रकारावर असतं, अर्ज उशिरा केला तर मागचे महिने बुडतात.

नवीनच_आलोय

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. रात्री दोघांनी बसून यादी केली. आत्तापर्यंतच्या खर्चातला एक तृतीयांश भाग एकदाच होणारा निघाला, तेवढाच जरा जीवात जीव आला. पगाराच्या स्लिपवर खरंच सिंगल लिहिलंय!! एचआरला ईमेल टाकलाय. मावशी, आईशी बोललो, ती म्हणाली आम्हाला कधीपासून वाटतच होतं.

लांबचं घर रद्द, याच भागात एक खोली कमी असलेलं बघतोय. पण करारात पहिलं वर्ष लॉक-इन आहे, म्हणजे घर सोडता येत नाही, आणि नंतर दोन महिन्यांची नोटीस. आत्ताच घरमालकाशी बोलू की वर्ष संपेपर्यंत थांबू?

उपनगरवाली

आत्ताच बोला. लॉक-इन असलं तरी घरमालकाला घर रिकामं राहायची भीती असते, बदली भाडेकरू आणून दिला तर बरेच जण आधी सोडतात, करारात सबलेटचं (आपण पुढे दुसऱ्याला भाड्याने द्यायचं) किंवा मध्येच सोडायचं कलम आहे का तेही वाचा. त्याच बिल्डिंगमध्ये त्याचं लहान घर असेल तर ते मागा, त्याचाही त्रास वाचतो. आणि आजूबाजूच्या तशाच घरांची भाडी खाली आली असतील तर जाहिरातींचे स्क्रीनशॉट घेऊन जा, वर्ष संपताना भाडं वाढवायला तो येणारच आहे तेव्हा उपयोगी पडतील.

हिशोबी_माणूस

बोलणं झालं तरी नोटीस लेखीच द्या, आणि दोन महिने कुठल्या तारखेपासून मोजतात ते करारात बघून घ्या. काही ठिकाणी महिन्याच्या एक तारखेच्या आत नोटीस पोचली नाही तर अख्खा महिना पुढे जातो.