‘सस्पेंड’ला मराठीत काय म्हणावे : निलंबन, स्थगिती की तहकुबी?

प्रश्न (कोथरूड) : लिनक्स कर्नलवरची (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यावरची) टिपणे मराठीत लिहिताना ‘सस्पेंड’पाशी, म्हणजे संगणक तात्पुरता निजवण्याच्या क्रियेपाशी, अडायला होते. ‘निलंबन’ म्हटले की खातेनिहाय चौकशी आठवते आणि ‘स्थगिती’ म्हटले की न्यायालय. शिवाय सीपीयूफ्रीक, म्हणजे प्रोसेसरची वारंवारता (वेग) सांभाळणारा कर्नलचा भाग, यातल्या ‘सीपीयूफ्रीक सस्पेंड’ या फंक्शनमुळे प्रोसेसरच थांबतो, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (औंध) : संपूर्ण यंत्रणेसाठी मी ‘तहकूब’ सुचवेन. आपल्या महापालिकेची सर्वसाधारण सभा तहकूब होते तेव्हा कार्यपत्रिका तशीच राहते आणि पुढच्या बैठकीत राहिलेल्या विषयापासून कामकाज सुरू होते. ‘सस्पेंड टू रॅम’मध्येही (मेमरी चालू ठेवून बाकी यंत्रणा निजवण्याच्या प्रकारात) मेमरीतला मजकूर जागच्या जागी राहतो, म्हणून हा शब्द अर्थाला धरून आहे.

सीपीयूफ्रीकच्या बाबतीत मात्र तो मुळीच चालणार नाही, कारण तिथे थांबतो तो गव्हर्नर, म्हणजे कामाचा भार पाहून वारंवारता ठरवणारा नियामक. प्रोसेसर पुढेही चालूच असतो. नियामक उपकरणे निजण्याच्या आधीच का थांबवावा लागतो, ते नीट समजून घ्यायला हवे. अनेक एआरएम बोर्डांवर (एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या सर्किट बोर्डांवर) वारंवारता वाढवण्यापूर्वी व्होल्टेज वाढवावे लागते, ते देणारी चिप आयटूसी बसवर (चिपांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवर) असते, आणि त्या बसचा कंट्रोलर एकदा निजला की नियामकाने मागितलेला बदल पूर्णच होऊ शकत नाही. म्हणूनच २०१४ सालच्या ३.१५ या आवृत्तीपासून कर्नल उपकरणे निजवायला घेण्यापूर्वीच सर्व नियामक थांबवतो. काही ड्रायव्हर (विशिष्ट हार्डवेअर चालवणारे कर्नलचे भाग) त्याच वेळी एक ठरावीक वारंवारता लावून ठेवतात. तेव्हा इथे सरळ ‘नियमन थांबवणे’ म्हणावे.

प्रतिसाद (सदाशिव पेठ) : उत्तर पटले. ‘वारंवारता गोठवणे’ अधिक सुटसुटीत होईल का?

उत्तर (औंध) : ऐकायला चांगले आहे, पण ‘गोठवणे’ हा शब्द राखून ठेवावा असे मला कळकळीने वाटते. यंत्रणा तहकूब होताना चालू प्रोसेस (चालू असलेले प्रोग्रॅम) खरोखरच गोठवल्या जातात आणि ती या कामातली वेगळी, आधीची पायरी आहे. दोन्हींना एकच क्रियापद वापरले तर वाचणाऱ्याला क्रम लागणार नाही.

‘रिझ्यूम’साठी (निजलेली यंत्रणा पुन्हा जागी करण्यासाठी) ‘पूर्ववत करणे’ असे सर्रास लिहिले जाते, तेही इथे टाळावे. यंत्रणा जागी होताना फर्मवेअरने (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर वेगळ्याच वारंवारतेवर ठेवलेला असू शकतो, त्यामुळे ड्रायव्हरला प्रत्यक्ष वारंवारता वाचता येत असेल तर कर्नल नियामक सुरू करण्याआधी ती तपासून आपली नोंद दुरुस्त करतो. म्हणून ‘नियमन पुन्हा सुरू करणे’ एवढेच लिहावे.