मदत हवी आहे: गावनिहाय रुईचा उतारा कसा काढावा?

नमस्कार मंडळी. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) हिशेब पाहतो. कापसाचा भाव मालाच्या उताऱ्यावर, म्हणजे 100 किलो कापसातून किती किलो रुई निघते त्यावर, ठरवायचा आहे. सध्या शेठजींचा अंदाजच चालतो (तो बऱ्याचदा बरोबर येतो, हीच पंचाईत). काटापट्टीवरचं गाव, वजन, ओलावा एक्सेलमध्ये आहे. रुईच्या 170 किलोच्या गाठींची नोंद रोज होते. पण आवारात ढीग एकत्र होतो, त्यामुळे उतारा फक्त दिवसाचा कळतो. महिन्याची सरासरी काढली, तर दिवाळीआधीचा ओला माल सगळं झाकतो. प्रत्येक गाडी वेगळी जिन करणं हंगामात अशक्य.

ढिगातल्या गावांच्या टक्केवारीवर रिग्रेशन (रोजच्या आकड्यांवरून प्रत्येक गावाच्या उताऱ्याचा अंदाज काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) लावून भाव ठरवण्याइतकं भरवशाचं उत्तर मिळेल, की मोजक्या गाड्यांचे नमुनेच वेगळे जिन करावेत? आणि गावामागे किती?