मदत हवी आहे: बटण दाबल्यावर पंखे क्षणभर फिरतात आणि संगणक बंद पडतो

नमस्कार,

घरच्या डेस्कटॉपच्या बिघाडाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. संगणक २०१७ साली असेंबल करून घेतलेला असून त्यात सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा), विंडोजसाठी एसएसडी आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क आहे. आम्ही कुडाळजवळ राहतो. पावसाळ्यात इथली वीज सारखी येत-जात असते, आणि अशाच एका संध्याकाळी वीज परत आल्यानंतर संगणक सुरू झाला नाही.

बटण दाबले की प्रोसेसरवरचा आणि कॅबिनेटचा पंखा जेमतेम अर्धा वेढा घेतो, एसएमपीएसमधून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि सगळे थांबते. बीप वाजत नाही, मॉनिटरवर काही उमटत नाही. त्यानंतर बटण कितीही दाबले तरी उपयोग होत नाही. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने चालू केला, तर पुन्हा एकदा तेवढेच घडते. मदरबोर्डवरचा लहान दिवा मात्र लागलेला असतो, त्यामुळे प्लग, वायर किंवा सॉकेटचा दोष नसावा असे मला वाटते.

रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबरने पुसले आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहिली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलला. कॅबिनेटचे बटण अडकले असेल या शंकेने त्याची वायर काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या, तरी फरक पडला नाही. एसएमपीएस पूर्ण सुटा करून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी व काळी तार जोडली, तेव्हा त्याचा पंखा नीट फिरत राहिला.

गावातल्या दुरुस्तीवाल्यांनी झाकण न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवा संच घेण्याचा सल्ला दिला. दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय एवढा खर्च करणे मला पटत नाही. शिवाय हार्ड डिस्कवर वडिलांच्या काजूबागेचे हिशेब आणि सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. त्या आधी सुरक्षित कशा काढाव्यात, आणि दोष एसएमपीएसचा की मदरबोर्डचा हे घरच्या घरी कसे ओळखावे, हे कृपया सांगावे. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे.

प्रतिसाद

आपण दिलेल्या लक्षणांवरून कुठेतरी शॉर्ट असावा आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असावा. हिरव्या-काळ्या तारेच्या चाचणीत त्याच्यावर भार नसतो, म्हणून तेवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. शक्य असल्यास ओळखीच्या कोणाचा एसएमपीएस लावून पाहावा.

पण आधी डिस्कचे पाहा. साडेतीन इंची हार्ड डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र अडॅप्टर असलेली साटा-यूएसबी केबल घ्या, किंवा दुसऱ्या डेस्कटॉपला डिस्क थेट जोडून प्रत काढा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजमधले डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की जवळ हवी.

त्यानंतर प्लग काढून बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला प्रवाह निघून जाईल. दोन्ही डिस्क आणि पुढच्या यूएसबीच्या वायरी सोडवा. प्रोसेसरजवळची चार पिनांची, पिवळ्या-काळ्या तारांची जोडणीही काढा आणि मग संगणक सुरू करून पाहा. पंखे फिरत राहिले, तर दोष प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात आहे, आणि तिथला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असण्याची शक्यता बरीच असते. खात्रीसाठी पुन्हा प्लग काढून बोर्डावरच्या त्या सॉकेटमधल्या १२ व्होल्टच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा; तो शून्याच्या आसपास आला, तर शॉर्ट तिथेच आहे. एसएमपीएस मात्र उघडू नका, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक व्होल्टेज राहते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. शेजाऱ्यांच्या डेस्कटॉपला डिस्क जोडून सगळ्या फायली उतरवून घेतल्या. चार पिनांची जोडणी काढल्यावर पंखे फिरत राहिले आणि रेझिस्टन्सही जवळजवळ शून्य आला. मॉसफेट बदलून घेण्याआधी प्रोसेसर शाबूत आहे की नाही, हे कसे तपासावे?

प्रतिसाद

प्रोसेसर काढून तोच रेझिस्टन्स पुन्हा मोजा. तरीही शून्यच आला, तर शॉर्ट बोर्डावर आहे. प्रोसेसर वाचला आहे की नाही, हे मात्र तो दुसऱ्या जुळणाऱ्या बोर्डावर बसवूनच कळेल, कारण वरचा, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूचा मॉसफेट शॉर्ट झाला की १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जाऊ शकतात. चिप-लेव्हल काम (बोर्डावरचे सुटे भाग बदलण्याचे) करणाऱ्याकडे बोर्ड देताना दोन्ही मोजमापे लिहून द्या.