बोटीत साचलेलं पाणी गणितात धरा

चार दोरांनी बोट तलावातून वर उचलणारी लिफ्ट बसवायची तर बोट ८०० किलोची आहे म्हणून एक टनाचं विंच (दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र) पुरे, असं ज्यांनी लिहिलंय त्यांचं गणित रिकाम्या बोटीचं आहे, तळात साचलेलं पाणी कोणी धरलंच नाही. मी हिंगण्याला एमआयडीसीत होइस्टची (वजन उचलायच्या यंत्रांची) कामं करतो, मागच्या पावसाळ्यानंतर नागपूरजवळच्या एका तलावावर अशीच लिफ्ट बघायला गेलो होतो. बोट अर्धी वर येईपर्यंत सगळं मस्त, मग मागची बाजू झुकली, बोटीखालचा पट्टा हातभर सरकला आणि मोटर नुसती घूं घूं करत अडकली. फळी उचलून पाहिलं तर तळात तीन बोटं खोल पाणी! आता हिशोब करा, ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद तळ आणि ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे सरळ ३०० किलो, आणि ते एका जागी बसत नाही, जिकडे उतार तिकडेच धावतं, म्हणून एका बाजूच्या दोरांवर जास्त ताण येतो.

अर्ध्यापर्यंत उचलून टेस्ट केली असं म्हणू नका, कारण तोवर बरंचसं वजन तलावच पेलत असतो, पूर्ण भार बोटीचा तळ पाण्याबाहेर निघाल्यावरच येतो. म्हणून आधी पंपाने पाणी काढा, विंच मात्र पाणी भरलेल्या बोटीच्या हिशोबानेच घ्या. आणि चारही दोरांचे ड्रम एकाच शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) बसवा, वेगवेगळ्या मोटरी लावल्या की एखादा कोपरा मागे राहतोच.