पुढाऱ्याला जबाबदार धरायचं म्हणजे नेमकं काय?

केजकर:
एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा, कोरोनाची दुसरी लाट. आबांचा ऑक्सिजन ८४ वर. मी केज-लातूर मोटारसायकलवर रेमडेसिवीरचं इंजेक्शन हुडकत हिंडलो. खिशातली चिठ्ठी घामानं भिजून अक्षर पुसलं. त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या घरी लग्न. नियम २५ माणसांचा, मांडवात पाचेकशे, मास्क हनुवटीला. आबा गेल्यावर तेच सांत्वनाला आले, चहा घेऊन गेले. त्यांना दोष देणं चूक आहे का?

लातूरचा मेडिकलवाला:
दादा, वाईट वाटलं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं, दवाखान्यातल्या रुग्णाला रेमडेसिवीर नको, जीव वाचतो असा पुरावा नाही. हे लोकांना मोठ्यानं सांगायचं काम कुणाचं होतं? तुम्हाला शंभर किलोमीटर पळवलं ते त्या गप्प बसण्यानं. लग्न त्यापुढं किरकोळ.

परभणी वकील:
किरकोळ कसं? माणसं नियम वाचत नाहीत, पुढाऱ्याकडं बघतात. कोर्टात मात्र हाती फारसं लागायचं नाही. घटनेचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य म्हणतं, आणि कलम ३७ लगेच म्हणतं की राज्यासाठीची ही मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयातून बजावता येत नाहीत. राहिलं मत.

केजकर:
मत दिलं होतं की. पत्रिकाही आली होती, अजून फ्रिजवर आहे. आबा धडधाकट असते तर मीपण गेलो असतो जेवायला.