मॅटलॅबमध्ये अनॉनिमस फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं: हुशारी की डोक्याला ताप?

खटपट्या: मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅमिंग भाषेत सिम्युलेशनच्या स्क्रिप्टमध्ये एका ओळीचं अनॉनिमस (बिननावाचं) फंक्शन लिहायचं आणि ते स्वतःलाच कॉल करणार, ही फॅशन आमच्या ज्युनिअर पोरांमध्ये बोकाळलीये, आणि माझं मत सरळ आहे, बंद करा. समजा फॅक्टोरियल काढणारं 'फॅक्ट' आहे, तर 'फॅक्ट'च्या पोटात 'फॅक्ट' लिहून चालत नाही, कारण हँडल (फंक्शनला कॉल करायचा दुवा) बनतं त्या क्षणी बाहेरचे व्हेरिएबल उचलले जातात आणि तेव्हा 'फॅक्ट' जन्मालाच आलेलं नसतं. वर गंमत म्हणजे वर्कस्पेस (मेमरीत राहिलेले व्हेरिएबल) क्लिअर न करता तीच स्क्रिप्ट परत रन केली की नवीन हँडल जुन्याला पकडतं, म्हणजे दर रनला एकेक पायरी जास्त चालते!! असला बग शोधत बसा मग. स्क्रिप्टच्या शेवटी लोकल फंक्शन (त्याच फाइलमधलं, नाव असलेलं साधं फंक्शन) लिहिता येतं की, 2016 च्या बी रिलीजपासून.

सावळागोंधळ: अहो पण त्यावर उपाय आहे ना, फंक्शनला स्वतःचंच हँडल पहिलं आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं, झालं काम. आणि कमांड विंडोत पटकन काही तपासायचं असेल तर मॅटलॅब तिथे साधं फंक्शन लिहूच देत नाही, मग दरवेळी फाइल उघडायची का?

खटपट्या: झालं काम कसं? थांबणार कसं ते? अनॉनिमसमध्ये एकच एक्स्प्रेशन चालतं, इफ नाही. तुम्ही इफसारखं हेल्पर लिहिणार, पण आर्ग्युमेंट आधीच इव्हॅल्युएट होतात, त्यामुळे अट खरी असो की खोटी, आतला कॉल होतोच आणि 500 च्या डीफॉल्ट रिकर्शन लिमिटला (स्वतःलाच कॉल करत जायच्या मर्यादेला) जाऊन आपटतो. मग लागेल तीच बाजू चालावी म्हणून दोन्ही बाजू परत हँडलमध्ये गुंडाळा. एवढं करून ती ओळ सहा महिन्यांनी वाचणार कोण, तुम्ही?

मीठभाकर: वाचायला त्रास होतो हे मान्य, पण लोकल फंक्शनला स्क्रिप्टमधले व्हेरिएबल दिसत नाहीत, हे कोणी बोलत नाहीये. मी कोख कर्व्ह (तोच आकार लहान होत स्वतःत परत परत येणारी फ्रॅक्टल रेषा) काढते तेव्हा कोन आणि स्केल हँडलमध्येच पकडलेले असतात, प्रत्येक लेव्हलला पास करत बसावं लागत नाही.

खटपट्या: ताई, तेच पकडणं नडतं. हँडल बनवल्यावर डॅम्पिंगची (कंपनं शमवणाऱ्या घटकाची) व्हॅल्यू बदला आणि ओडीई45 ला, म्हणजे मॅटलॅबच्या डिफरन्शिअल इक्वेशन सोडवणाऱ्या फंक्शनला, तेच हँडल द्या, उत्तर जुन्याच डॅम्पिंगचं येतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, ग्राफ मात्र छान दिसतो.

मीठभाकर: म्हणून तर मला आवडतं. पॅरामीटर स्वीपमध्ये (एकच सिम्युलेशन वेगवेगळ्या व्हॅल्यूंवर चालवताना) प्रत्येक हँडलने आपापली व्हॅल्यू धरून ठेवलेलीच बरी, ग्लोबल व्हेरिएबलचा तमाशा त्याहून वाईट.

निवांत_नाना: दोघं मिळून घ्या की. रिकर्शन लोकल फंक्शनमध्ये, आणि त्यावर अनॉनिमसचं पातळ कव्हर, जे फक्त कोन आणि स्केल पकडेल. इफ मिळतो, ब्रेकपॉइंट (बग शोधायला कोड मध्येच थांबवायची खूण) नीट लागतो, आणि ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्या फुकट सॉफ्टवेअरवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमचं डीफॉल्ट लिमिट 256 च आहे. बाकी ते फिबोनाची तरी रिकर्शनने काढू नका राव, साध्या पद्धतीने तिसाव्या पदाला 26,92,537 कॉल होतात.

सावळागोंधळ: फिबोनाचीला लूपच, त्यात वाद नाही. पण नाना, कमांड विंडोत तुमचं लोकल फंक्शन कुठे लिहू ते सांगितलंच नाहीत.

निवांत_नाना: फाइल उघड की रे बाबा, कंट्रोल एन दाबायला किती वेळ लागतो!